निवृत्तीनंतर कामाच्या मावशी ठेवायच्या का? घाई न करता ठरवण्याची एक पद्धत

आमच्या घरी मावशी आल्या त्या ७.५२च्या लोकलपायी. डोंबिवलीहून फोर्टमधली बँक गाठायची तर ती गाडी चुकवून चालायचं नाही, आणि ती पकडायची तर रात्रीची भांडी सकाळी दुसऱ्या कुणीतरी घासायला हवीत. पुढे मावशींकडेच केर-लादी आली. मग पोळी-भाजीला आणखी एक ताई आल्या. मी निवृत्त झाले तेव्हा मावशींना आमच्याकडे १४ वर्षं झाली होती, ताईंना ९. त्याच महिन्यात जाऊबाईंचा फोन आला, "आता दोघंही घरीच की. मग बाई कशाला?"

प्रश्न रास्त वाटतो, आणि तिथेच माणूस फसतो. लोकल गेली, भांडी कुठे गेली? मावशींना बंद केलं तरी त्यांचं काम घरातच राहतं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हाती येतं. ते हात नेमके कुणाचे, एवढं आधी नक्की केलं की बाकीचं बरंचसं सुटतं. आम्हाला ते कळायला आठ महिने लागले. खाली जो क्रम दिला आहे तो त्या आठ महिन्यांत चुकतमाकत सापडला. आम्ही स्वतः या क्रमाने गेलो नाही, तुम्ही जा.

पहिले तीन महिने काही बदलू नका

निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे माणूस आवरत सुटतो. माळे, कपाटं, वीस वर्षांची विजेची बिलं. अंगात एवढा हुरूप असतो की लादी म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम, असं वाटायला लागतं. हा हुरूप टिकत नाही. त्याच्या भरवशावर कुणाला कामावरून काढू नये. शिवाय खर्चाची नवी घडीही बसलेली नसते. पास, रिक्षा, बाहेरचं खाणं यांचे पैसे वाचतात, पण दिवसभर घरात पंखा चालतो, चहा चारदा होतो आणि येणारी-जाणारी माणसं वाढतात.

या तीन महिन्यांत करायचं ते एकच: यादी. स्वयंपाकघरात ज्या कॅलेंडरवर खाडे लिहिता त्याच्या शेजारी एक कागद चिकटवा. आठवडाभर घरातलं प्रत्येक काम, ते कुणी केलं आणि त्याला किती मिनिटं लागली, हे लिहीत जा. कामं फोडून लिहा. 'भांडी' हे एक काम नसतं. खरकटं काढणं, कढई भिजत घालणं, घासणं, निथळली की पुसून जागच्या जागी लावणं, मग ओटा आणि सिंकची जाळी. यातलं घासणं तेवढं मावशींकडे असतं, मागचं-पुढचं सगळं घरातलंच कुणीतरी करतं आणि ते कुणाच्या हिशेबात नसतं. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर लावणं, औषधं संपत आली आहेत हे लक्षात ठेवणं, पाणी येण्याच्या वेळी घरात असणं, हेही लिहा.

आमच्या कागदावर मावशी आणि ताई यांचं मिळून दिवसाला पावणेदोन तास काम निघालं. त्या दोघी गेल्यावर उरलेलं काम सव्वातीन तासांचं. त्यातला पाऊण तास यजमानांचा, अडीच तास माझे. कागद बघून यजमान म्हणाले, "हे बरोबर नसणार." दुसरा आठवडा त्यांनीच लिहिला. त्यांची पाच मिनिटं कमी भरली.

हात कुणाचे, हे नावानिशी ठरवा

आमचं घर काही जगावेगळं नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. आधीच्या, २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली, तर पुरुषांनीही आपली नऊ सोडवून घेतली.

तेव्हा 'बाई बंद करू, दोघं मिळून करू' असं ठरत असेल, तर 'मिळून' या शब्दाला तिथेच हटका. 'मी मदत करीन' हेही चालवून घेऊ नका. मदत म्हटलं की काम दुसऱ्याचं असतं. काम, वेळ आणि नाव, तिन्ही कागदावर यायला हवं: रात्रीची भांडी, साडेनऊच्या आत, अमुक. अमुक गावाला गेला तर कोण, हेही.

यजमानांनी भांडी उत्साहाने घेतली. चौथ्या दिवशी कुकर 'भिजत ठेवलाय' म्हणून सकाळपर्यंत सिंकमध्ये होता. सकाळी वरणाला कुकर हवा, म्हणून तो मी घासला. वाटणी कागदावर कितीही बरोबरीची असली तरी ज्याला घाण आधी दिसते त्याच्याकडे काम सरकतं. बहुतेक घरांत हे डोळे बाईचे असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरात दोघं असताना मावशींना बंद करायचं की नाही याचा शेवटचा शब्द त्या माणसाचा असावा, ज्याच्या यादीत आजच जास्त मिनिटं आहेत. पेन्शन कुणाची मोठी, याचा इथे संबंध नाही.

पैशाचा हिशेब बारा महिन्यांचा नव्हे, तेरा महिन्यांचा

आमच्याकडे मावशींचे भांडी आणि केर-लादी मिळून २,२०० रुपये होते, ताईंचे पोळी-भाजीचे ३,३००. महिन्याला ५,५००. दिवाळीला एक पगार वर, म्हणजे वर्षाचे १३ पगार: ७१,५०० रुपये. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत दर वेगळे असतील. आपले आकडे घाला, पण गुणायचं तेरानेच.

हा आकडा आता व्याजाच्या शेजारी ठेवून बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७१,५०० रुपये यायला सुमारे पावणेनऊ लाख रुपये गुंतवावे लागतात. म्हणजे आमच्या ग्रॅच्युइटीतले पावणेनऊ लाख केवळ भांडी, लादी आणि पोळ्यांसाठी बांधून ठेवल्यासारखे झाले. असा विचार केला की आकडा एकदम जड होतो. त्यात ठेव ठेवल्या दिवशीचं व्याज मुदतभर तेवढंच राहतं, मावशींचा पगार मात्र दरवर्षी वाढतो, आणि वाढायलाच हवा.

खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी जास्त जपून हिशेब करावा. ईपीएस-९५, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबर येणारी कर्मचारी पेन्शन योजना; तिचं पेन्शन काढण्याचं सूत्र असं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली तर ३५ वर्षं नोकरी करूनही साडेसात हजारांच्या आसपासच मिळतात. यजमानांचं पेन्शन याच जातीचं. घर केवळ त्यावर चालत असतं, तर दोघींचे पगार आणि बोनसचा हिस्सा जाऊन महिन्याला दीड हजार उरले असते. तिथे चर्चेला जागा नाही. माझं बँकेचं पेन्शन आहे, म्हणून आम्हाला निवड करता आली.

हिशेबात आणखी एक ओळ घाला, जी लोक विसरतात: मावशी बंद केल्यावर नव्याने होणारे खर्च. बाहेरून मागवलेलं जेवण, मॉप, मशीनची दुरुस्ती आणि फिजिओथेरपी. शेवटचं मी चेष्टेने लिहिलेलं नाही.

शरीराला काय झेपतं

'लादी पुसली की वेगळा व्यायाम नको' हे वाक्य मी तरी निवृत्तीनंतर दहा जणांकडून ऐकलं. अर्धंच खरं आहे. घरकामाने हालचाल होते, हे बरोबर. पण जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमांचा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय तोल सांभाळण्याचे व स्नायू बळकट करणारे प्रकार आठवड्यातून तीन दिवस. लादी पुसताना तोल सुधारत नाही. ओल्या लादीवर तो जातो मात्र. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात. अशा पाठीने कमरेत वाकून भरलेली बादली उचलणं म्हणजे मणक्याशी जुगार. गुडघे, पाठ, बीपी, चक्कर यांतलं काही असेल तर यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एकेका कामाचं विचारा. 'घरकाम करू का?' असं मोघम विचारलं तर 'झेपेल तेवढं करा' असंच मोघम उत्तर येतं.

आम्ही कामांचे तीन ढीग केले. पहिला, यापुढे दोघांनीही हात लावायचा नाही असा: स्टुलावर चढून पंखे पुसणं, माळ्यावरचं काढणं, खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसणं, ओल्या चादरींची बादली गच्चीवर नेणं. कुणीही कितीही ठणठणीत असो, याला माणूस बोलवायचं. दुसरा ढीग, मुद्दाम स्वतःकडे ठेवायचा: भाजी आणणं, कपडे वाळत घालणं नि घड्या करणं, झाडांना पाणी, स्वयंपाक. यात चालणं होतं, हात वर जातात, डोकं चालतं आणि चार माणसं भेटतात. उरलेला तिसरा ढीग म्हणजे खरा प्रश्न. आमच्यासाठी त्यात भांडी आणि केर-लादी होती.

चाचणी घ्या, तीही बदली बाई न घेता

मावशी मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातात. एरवी त्या बदली बाई देऊन जायच्या. त्या वर्षी मी नको म्हटलं. चाचणीला हीच उत्तम वेळ. कुणाचं काम जात नाही, कुणाशी बोलावं लागत नाही आणि मे महिन्याचा घाम तुमची खरी ताकद दाखवून देतो. एक अट: पहिल्या पाच दिवसांवरून काही ठरवायचं नाही. पाच दिवस कुणीही करतं.

आमचं असं झालं. आठवड्याअखेरपर्यंत घर आरशासारखं. नवव्या दिवशी घासायची ताटं कमी व्हावीत म्हणून आम्ही एकाच ताटात जेवायला लागलो, त्याला 'नवं लग्न झाल्यासारखं' असं गोड नावही दिलं. अकराव्या दिवशी भाचा-भाचसून येणार म्हणाले तेव्हा मी फोनवर आढेवेढे घेतले, आणि ते मला स्वतःलाच आवडलं नाही. तेराव्या दिवशी यजमानांची कंबर धरली. स्वयंपाकाचं मात्र आश्चर्य वाटलं. ताई त्याच दिवसांत आठवडाभर आजारी होत्या, आणि पोळ्या करायला मला कंटाळा आला नाही. ३६ वर्षं घड्याळ बघत केलेला स्वयंपाक घड्याळाविना करताना वेगळा लागतो.

चाचणीत या तीन गोष्टी टिपून ठेवा: काय दुखलं, कशावरून भांडण झालं आणि पाहुण्यांना कधी टाळलंत. तिसरी सगळ्यांत बोलकी.

ठेवायचं किंवा काढायचं, यांच्या मधे बरंच काही आहे

लोक दोनच पर्याय धरतात. खरं तर एखादं काम कमी करता येतं, वेळ बदलता येते, मशीन घेता येतं. लादी दिवसाआड चालते. दोन माणसांच्या घरात ती रोज पुसावी असं काही नाही, पावसाळा सोडून. डिशवॉशर दोघांच्या भांड्यांना दिवसाआड लावावा लागतो आणि करपलेली कढई शेवटी हातानेच घासावी लागते, म्हणून आम्ही घेतला नाही. तुमच्याकडे कुणाला पाण्यात हात चालत नसतील तर जरूर विचार करा. पोळी-भाजी केंद्रांच्या बाबतीत डोंबिवलीकर सुखी आहेत, गल्लीगल्लीत आहेत. मोठ्या शहरांत आता मोबाइलवरून तासाच्या हिशेबानेही माणूस येतं. दिवाळीच्या सफाईला ठीक आहे. रोजच्या भांड्यांना ओळखीचा हात बरा.

वेळ बदलण्याचा मुद्दा छोटा वाटतो, पण त्यानेच आमचं घर सुधारलं. सकाळी सव्वासहाची बेल आता कशाला? मात्र मावशींची घरं माळेसारखी ओवलेली असतात, एक मणी हलवला की सगळी माळ हलते. म्हणून 'उद्यापासून अकराला या' असं सांगू नका. 'तुम्हाला सोयीची दुसरी कुठली वेळ आहे?' असं विचारा. आमच्या मावशींना सकाळचं घर सुटल्यावर त्या वेळेला नवीन घर मिळालं, आणि आमच्याकडे त्या साडेदहाला यायला लागल्या.

एक धोका लक्षात असू द्या. पूर्ण बंद केलंत आणि दोन वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर चांगली बाई हाकेसरशी मिळत नाही. ज्यांचं काम चांगलं, त्यांच्या वेळा भरलेल्या असतात. एखादं काम जरी चालू ठेवलं, तरी दार उघडं राहतं. आणि घरात एकच माणूस असेल तर मी म्हणेन, हिशेब कसाही येवो, एक तरी काम ठेवाच. सकाळी बेल वाजवून दार उघडलं नाही तर शेजारी धावत जाणारं माणूस, ही गोष्ट कुठल्याही यादीत मिनिटांत मोजता येत नाही.

थांबवायचं ठरलं, तर कसं

हा भाग लोक पाच मिनिटांत उरकतात. आपल्याला कंपनीने तीन महिन्यांची नोटीस, ग्रॅच्युइटी आणि घड्याळ दिलं. मावशींना आपण 'एक तारखेपासून नको' असं एकतीस तारखेला सांगतो.

किमान एक महिना, जमल्यास दोन महिने आधी सांगा. जूनमध्ये शाळेचे खर्च असतात आणि दिवाळीच्या तोंडावर बोनस असतो; त्या वेळा टाळा. ग्रॅच्युइटीचा कायदा घरकामाला लागू होत नाही, पण त्यातला मापदंड घ्यायला कुणाची मनाई आहे? वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. आम्ही ताईंचं काम थांबवायचं ठरवलं. त्यांची नऊ वर्षं, महिना ३,३०० चा अर्धा १,६५०, म्हणजे १४,८५०. आम्ही पंधरा हजार दिले. आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून कुजबुज झाली की आम्ही 'दर बिघडवतो'. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्यांशी ताईंची गाठ आधीच घालून दिली होती, त्यामुळे त्यांचा एकही पगार बुडला नाही. पैशांपेक्षा याचा त्यांना जास्त उपयोग झाला असं मला वाटतं.

बोनस, रजा, वाढ हे सगळं मालकिणीच्या मोठ्या मनातून आलं असा आपला समज असतो. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि आजारपणाची रजा यांसाठी चक्क संप केला होता, त्यातून संघटना उभ्या राहिल्या. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा तर २००८ चा आहे. म्हणजे मागणी आणि कायदा यांच्यात २८ वर्षं गेली.

ठेवायचं ठरलं, तर हे करा

आता तुम्ही दिवसभर घरात असता. मावशींना १४ वर्षं रिकाम्या घरात, आपल्या पद्धतीने काम करायची सवय. त्यांच्या मागे-मागे फिरू नका. पहिल्या महिन्यात मी 'कोपऱ्यात राहिलं' असं इतक्यांदा म्हणाले की एक दिवस त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा खाली फिरून या." त्यांचं बरोबर होतं. आता त्या आल्या की मी भाजीला जाते.

त्याच वेळी कागदपत्रंही बघून घ्या. राज्याच्या मंडळात १८ ते ६० वयापर्यंत नोंदणी होते आणि त्यासाठी ज्या घरी काम करतात तिथलं प्रमाणपत्र लागतं; ते मागायची वाट न बघता लिहून द्या. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी आहे का, विचारा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, ७० वयापर्यंत. तो हप्ता आपणच भरावा. विसाची नोट काढून देताना कुणाला काही सांगायची गरज नाही. मावशींची मुलगी किंवा सून चाळिशीच्या आतली असेल तर तिच्यासाठी अटल पेन्शनचं बघा, वयोमर्यादा १८ ते ४० आहे. मावशी स्वतः ५७ च्या. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. लांब दांड्याचा मॉप आम्ही आमच्यासाठी चाचणीत आणला होता, तो आता त्या वापरतात. आधी १४ वर्षं तो का आणला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुलांकडे परदेशी जाणार असाल तर त्या महिन्यांचं आधीच बोला. 'आलो की कळवतो' म्हणून कुलूप लावून गेलं की सहा महिन्यांनी मावशी दुसरीकडे लागलेल्या असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्ही गेल्या वर्षी तीन महिने गेलो तेव्हा अर्धा पगार चालू ठेवला. किल्ली त्यांच्याकडे, आठवड्यातून दोनदा झाडांना पाणी आणि नळ वाहता करणं. दर महिन्याला पैसे परस्पर त्यांच्या खात्यात गेले.

शेवटी, ठरलेलं कायमचं समजू नका. आमच्या कागदावर चार गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांतली एक झाली तरी पुन्हा बसायचं: कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन निघालं, मावशींनी काम कमी करायचं म्हटलं किंवा दोघांपैकी एकच उरलं. चौथी ओळ यजमानांनी लिहिली.

सध्या मावशी भांडी आणि केर-लादीला २,५०० वर आहेत. चार दिवस पोळ्या मी करते, तीन दिवस केंद्रातून येतात. सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचा कुकर यजमानांकडे. मावशींचे खाडे लिहिणं मी सोडून दिलं आहे. कॅलेंडरवर आता यजमानांचे लिहिते. गेल्या महिन्यात कुकरचे तीन झाले.